अणुशास्त्रज्ञाचं काम किती मोलाचं, हे आकड्यांवरून कसं ओळखायचं?

गेल्या काही वर्षांत आपल्याकडच्या वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानांवर एक बातमी दरवर्षी येऊ लागली आहे. अमुक महाविद्यालयातल्या प्राध्यापकांचा जगातल्या अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांत समावेश. पाठोपाठ तालुक्याच्या चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लागतो. बातमीत आकडे असतात: शोधनिबंध इतके, सायटेशन्स तितकी, एच-इंडेक्स अमुक. वाचणाऱ्याला अभिमान वाटतो, पण आकड्यांचा अर्थ लागत नाही. मी यवतमाळ जिल्ह्यात भौतिकशास्त्र शिकवतो. अशी बातमी आली की कुणीतरी पालक हमखास विचारतात, "सर, हे एच-इंडेक्स म्हंजे काय असते जी? जास्त चांगला का कमी चांगला?"

प्रश्न रास्त आहे. या संशोधनावरचा बराचसा पैसा सरकारी आहे, म्हणजे तुमचा-आमचा आहे. त्यातून गावातली एखादी पोरगी एमएस्सी करून पीएचडीला जायचं म्हणते, तेव्हा मार्गदर्शक निवडताना घरच्यांच्या हातात हेच आकडे असतात. म्हणून अणुकेंद्राचा अभ्यास करणारा शास्त्रज्ञ डोळ्यांपुढे ठेवून हे आकडे उलगडून पाहू. हाच विषय घ्यायचं कारण असं, की आकड्यांची ताकद आणि त्यांचे घोळ दोन्ही इथे ठळक दिसतात.

अणुशास्त्रज्ञ दिवसभर करतो काय?

अणुशास्त्रज्ञ म्हटलं की लोकांना बॉम्ब नाहीतर अणुभट्टी आठवते. बहुतेक अणुशास्त्रज्ञांचा दोन्हीशी थेट संबंध नसतो. अणूच्या मध्यभागी केंद्रक असतं, त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दाटीनं बसलेले असतात. ते एकमेकांना कसे धरून राहतात, केंद्रकाचा आकार गोल असतो की लांबट, त्यावर बाहेरून कण आदळला तर काय होतं, त्यातून कोणती किरणं किती ऊर्जेची निघतात, हे शोधणं त्यांचं काम. आणि प्रयोग करणाऱ्यांचं काम शेवटी मोजणीवर येतं.

लहान गावातल्या महाविद्यालयातही ही मोजणी होऊ शकते. शिशाच्या विटांची एक छोटी पेटी असते. तिच्या आत सोडियम आयोडाइडचा स्फटिक आणि समोर शर्टाच्या गुंडीएवढी सीझियम-१३७ ची चकती. चकतीतून गॅमा किरणं निघतात, स्फटिकावर पडली की प्रकाशाचा बारीकसा लखलखाट होतो आणि यंत्र तो मोजतं. थोड्या वेळानं पडद्यावर ६६२ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टपाशी एक उंचवटा उभा राहतो. किलो इलेक्ट्रॉन व्होल्ट हे ऊर्जेचं एकक आहे. मग मध्ये शिशाचा, काचेचा किंवा एखाद्या मिश्रधातूचा पत्रा ठेवायचा आणि उंचवटा किती खाली आला ते पाहायचं. शिसं असेल तर अर्ध्या सेंटिमीटरहून थोड्या जास्त जाडीतच निम्मी किरणं अडतात. कोणता पदार्थ किती किरणं अडवतो, हे एक्स-रेच्या खोलीच्या भिंतीपासून अणुभट्टीच्या आवरणापर्यंत सगळीकडे लागतं.

ऐकायला सोपं वाटतं. पण मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला की हा उंचवटा जागचा सरकतो, कारण स्फटिक आणि त्यामागचं प्रकाश मोजणारं उपकरण दोन्ही तापमानाला हळवे असतात. वीज गेली आणि परत आली की यंत्र स्थिर होईपर्यंत थांबायचं, ओळखीच्या ऊर्जेच्या किरणांवर ते पुन्हा लावून घ्यायचं आणि मगच पुढे जायचं. विदर्भात उन्हाळ्यात असं काम करणाऱ्याचा अर्धा वेळ यंत्र सांभाळण्यात जातो. तो वेळ कुठल्याही यादीत मोजला जात नाही.

मोठ्या प्रयोगांना कणांचा वेग वाढवणारं यंत्र लागतं, त्याला त्वरक म्हणतात. देशात असे त्वरक मोजकेच आहेत. दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरमध्ये दीड कोटी व्होल्टपर्यंतचा पेलेट्रॉन आहे, मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भाभा अणुसंशोधन केंद्र आणि ती संस्था मिळून चालवतात तो पेलेट्रॉन आहे, कोलकात्यात सायक्लोट्रॉन आहे. विद्यापीठातल्या संशोधकाला तिथे अर्ज करावा लागतो, समितीपुढे विषय मांडावा लागतो आणि मग आठ-आठ तासांच्या काही पाळ्या मिळतात. गॅमा किरणं मोजणारा देशाचा मोठा सामायिक संच, इंडियन नॅशनल गॅमा ॲरे, या तीन केंद्रांत आळीपाळीनं लागतो. तो आपल्या सोयीच्या जागी असेल तेव्हा नंबर लागायला हवा. दोन-तीन दिवस-रात्र मोजणी करून आणलेली माहिती उलगडायला पुढे वर्ष-दोन वर्षं सहज जातात. त्यामुळे उत्तम प्रयोग करणाऱ्याचाही वर्षाला एखादाच निबंध निघाला, तर त्यात नवल नाही.

काम कागदावर कसं येतं?

मोजलेलं काय, कसं आणि किती खात्रीनं, हे लिहून काढलं की झाला शोधनिबंध. तो नियतकालिकाकडे जातो, तिथले संपादक तो त्याच विषयातल्या दुसऱ्या जाणकारांना तपासायला देतात, ते शंका काढतात, उत्तरं द्यावी लागतात, कधी प्रयोगही पुन्हा करावा लागतो. या विषयात अमेरिकेचं 'फिजिकल रिव्ह्यू सी' मानाचं समजलं जातं. आपल्याकडे बंगळुरूच्या इंडियन ॲकॅडमी ऑफ सायन्सेसचं 'प्रमाण' आहे. १९९१ पासून 'अर्काइव्ह' (arXiv) नावाचं संकेतस्थळही आहे. तिथे शास्त्रज्ञ छापून येण्याआधीच निबंध ठेवतात आणि तो कुणालाही फुकट वाचता येतो.

निबंधांची संख्या हा झाला पहिला आकडा. कापूस काट्यावर चढवला की क्विंटल कळतात, धाग्याची लांबी कळत नाही. निबंधांची संख्या ही काट्यावरची नोंद आहे. धागा पाहायचा तर दुसरं काहीतरी लागतं, आणि त्यासाठी सायटेशन्स आली.

सायटेशन आणि एच-इंडेक्स

नवा निबंध लिहिताना आपण ज्यांच्या कामाचा आधार घेतला त्यांचा उल्लेख शेवटी करायचा असतो. असा एक उल्लेख म्हणजे एक सायटेशन. मी पुढे त्याला उल्लेखच म्हणेन. कुणी कुणाचा उल्लेख केला याची पद्धतशीर सूची अमेरिकेत यूजीन गारफिल्ड यांनी १९६४ मध्ये काढली. त्यांचा हेतू साधा होता: एखाद्या जुन्या कामावर पुढे कोणी काय केलं, हे वाचकाला शोधता यावं. माणसं तोलायला हीच सूची वापरायची, ही सवय पुढे लागली.

२००५ मध्ये कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी एक सुटसुटीत आकडा सुचवला, तो एच-इंडेक्स. समजा, एका संशोधिकेचे दहा निबंध आहेत. जास्त उल्लेखांचा वर आणि कमी उल्लेखांचा खाली असे ते लावले, तर त्यांना मिळालेले उल्लेख असे आहेत: ४८, ३१, २२, १५, ९, ७, ६, ४, २, ०. आता वरून मोजत या. पाचव्या निबंधाला ९ उल्लेख आहेत, म्हणजे पाचाहून जास्त, ठीक. सहाव्याला ७, तोही चालला. सातव्याला मात्र ६, सातापेक्षा कमी. इथे थांबायचं. एच-इंडेक्स झाला ६, म्हणजे किमान सहा उल्लेख मिळालेले सहा निबंध तिच्या नावावर आहेत.

यातली चांगली बाजू लगेच दिसते. कुणाच्या लक्षात न आलेले पन्नास निबंध छापून हा आकडा वाढत नाही. वाईट बाजू पाहायला एक बदल करा. पहिल्या निबंधाचे उल्लेख ४८ ऐवजी ४,८०० करा. एच-इंडेक्स ६ च राहतो. म्हणजे एकच पण फार मोठा शोध लावणाऱ्याला हा आकडा ओळखतच नाही. शिवाय तो कधी कमी होत नाही. माणसानं काम थांबवलं तरी जुन्या निबंधांच्या जोरावर वाढत राहतो, त्यामुळे तीस वर्षांचे प्राध्यापक आणि पाच वर्षांची संशोधिका यांचे एच-इंडेक्स शेजारी ठेवून काही सिद्ध होत नाही. हा आकडा सपशेल फसू शकतो आणि त्याचे वाईट परिणाम होऊ शकतात, असं हिर्श यांनी स्वतःच २०२० मध्ये लिहिलं.

एकाच माणसाचे तीन आकडे कसे?

उल्लेखांची मोजदाद ठेवणाऱ्या तीन मोठ्या सूची इंटरनेटवर आहेत. गूगल स्कॉलरवर एक आकडा दिसतो, स्कोपसवर त्याहून कमी, वेब ऑफ सायन्सवर आणखी निराळा. यात लबाडी नसते. गूगल प्रबंध, परिषदांतली टिपणं, पुस्तकं असं बरंच काही मोजतं. बाकीचे दोघं मुख्यतः निवडक नियतकालिकांवर चालतात. म्हणून बातमीत एच-इंडेक्स दिला असेल आणि तो कुठला ते लिहिलं नसेल, तर तो अर्धाच समजा.

दुसरी अडचण नावांची. देशमुख, राऊत, चव्हाण आडनावाचे आणि तीच दोन आद्याक्षरं असलेले संशोधक भरपूर आहेत. संगणक दोघांचे निबंध एकाच्या नावावर टाकतो. लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकेचं उलट होतं, तिचं निम्मं काम माहेरच्या नावावर राहून जातं. यावर तोडगा म्हणून २०१२ पासून ऑर्किड नावाचा सोळा अंकी क्रमांक मिळतो, तोही फुकट. पीएचडीला लागलेल्या प्रत्येकानं पहिल्याच महिन्यात तो काढून घ्यावा, असं मी आग्रहानं सांगतो.

पाच हजार लेखकांचा एक निबंध

अणू आणि कणांच्या भौतिकीत आकडे सगळ्यात जास्त बिघडतात ते इथे. २०१५ मध्ये सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या ॲटलास आणि सीएमएस या दोन चमूंनी मिळून हिग्ज या मूलभूत कणाचं वस्तुमान सांगणारा निबंध प्रसिद्ध केला. त्याचे लेखक होते ५,१५४. एकूण ३३ पानं, त्यातली २४ फक्त लेखकांची आणि त्यांच्या संस्थांची नावं. त्या निबंधाला मिळालेला प्रत्येक उल्लेख या सगळ्यांच्या खात्यावर जमा होतो. अशा चमूत पाच-सात वर्षं असलेल्या तरुण संशोधकाच्या नावावर शेकडो निबंध आणि हजारो उल्लेख दिसू शकतात. त्यानं काम केलेलं नसतं असं अजिबात नाही. शोधक यंत्राचा एखादा भाग त्यानं रात्र-रात्र जागून चालू ठेवलेला असतो. पण त्याच्या वाट्याचं काम किती, हे आकड्यातून कळायला काही मार्ग नाही.

त्याच्या शेजारी आपल्या तालुक्यातली प्राध्यापिका ठेवा. पेटीतला स्फटिक, सीझियमची चकती, दोन विद्यार्थी, तीन लेखकांचा निबंध आणि त्याला बारा उल्लेख. मोजणी तिची, विश्लेषण तिचं, लिखाणही तिचंच. एच-इंडेक्सच्या रांगेत ती त्या तरुणाच्या कितीतरी मागे दिसेल. त्या रांगेवरून दोघांपैकी कोणाचं डोकं जास्त चाललं, हे मला सांगता येणार नाही.

मग ही दोन टक्क्यांची यादी काय आहे?

ही यादी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जॉन इओनिडिस आणि त्यांचे सहकारी स्कोपसच्या माहितीवरून तयार करतात. २०१९ पासून ती प्रसिद्ध होते आहे. स्टॅनफर्ड कुणाला निवडत नाही, पुरस्कार देत नाही, अर्जही मागवत नाही. संगणकावर होणारी ही गणना आहे. याद्या दोन असतात, एक पूर्ण कारकिर्दीची आणि एक फक्त एका वर्षाच्या उल्लेखांवर आधारलेली. फ्लेक्सवर हा फरक क्वचितच लिहिलेला असतो. बातमी वाचताना आधी यादी कोणती ते पाहा. दोन टक्के म्हणजे कोणाचे, हेही पाहण्यासारखं आहे: ज्यांचे किमान पाच निबंध आहेत अशा संशोधकांना १७४ उपविषयांत वाटून त्या-त्या उपविषयातले वरचे दोन टक्के. अणू आणि कण भौतिकी हा त्यातलाच एक उपविषय. विषयवार वाटणी केली हे फार बरं झालं, कारण वैद्यकशास्त्रात उल्लेखांचा पूर असतो, तर गणितात झिरपण्याइतकेच उल्लेख येतात.

इओनिडिस यांनी लेखकांच्या गर्दीचाही विचार केला आहे. एकट्यानं लिहिलेला निबंध, पहिलं नाव, शेवटचं नाव यांना वेगळं वजन आहे. पुष्कळ विषयांत पहिलं नाव प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं आणि शेवटचं मार्गदर्शकाचं असतं, म्हणून तो विचार. पण मोठ्या चमूंच्या निबंधांत नावं बाराखडीसारखी आडनावांच्या अक्षरक्रमानं लावतात. तिथे शेवटचं नाव झेड अक्षरावरून सुरू होणाऱ्या कुणाचं तरी असतं, मार्गदर्शकाचं नव्हे. त्यामुळे याच उपविषयात यादीचा हिशेब सगळ्यात डळमळीत होतो. तरीही अशा यादीत येणं ही मेहनतीची खूण आहे, ते नाकारायचं कारण नाही. लहान संस्थेतून, हाती अपुरी साधनं असताना कुणी तिथवर पोहोचलं, तर मी त्यांना मनापासून सलाम करीन.

"उल्लेख कमी म्हणजे काम कमी, असंच ना?"

नाही, आणि या विषयाच्या इतिहासातच त्याचे दाखले आहेत. अमेरिकेचे भौतिकशास्त्रज्ञ स्टीव्हन वाइनबर्ग यांनी १९६७ मध्ये विद्युतचुंबकीय बल आणि केंद्रकातलं क्षीण बल यांना एकाच सिद्धांतात बसवणारा जेमतेम तीन पानांचा निबंध लिहिला. पहिली काही वर्षं त्याकडे जवळजवळ कुणी पाहिलं नाही. १९७१ मध्ये नेदरलँड्सच्या गेरार्ड एट हूफ्ट यांनी असे सिद्धांत गणितात टिकतात हे दाखवलं आणि मग उल्लेखांचा धबधबा सुरू झाला. १९७९ मध्ये वाइनबर्ग यांना नोबेल मिळालं. १९७० साली बढतीच्या समितीनं फक्त उल्लेख मोजले असते, तर या निबंधाला गुण मिळाले नसते.

भौतिकशास्त्रज्ञ लीझ माइटनर आणि त्यांचे भाचे ऑटो फ्रिश यांनी युरेनियमचं केंद्रक फुटतं म्हणजे नेमकं काय होतं, हे फेब्रुवारी १९३९ मध्ये 'नेचर'मधल्या एका छोट्या पत्रात समजावलं. जगाचा इतिहास त्यानंतर बदलला. १९४४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मात्र माइटनर यांचे सहकारी, तो प्रयोग करणारे रसायनशास्त्रज्ञ ऑटो हान, या एकट्यांना गेलं.

आपल्या देशातलं उदाहरण मला जास्त लागतं. बिभा चौधुरी आणि देवेंद्र मोहन बोस यांनी दार्जिलिंग आणि संदकफूच्या उंचीवर फोटोच्या काचा ठेवून अंतराळातून येणाऱ्या किरणांच्या खुणा टिपल्या आणि एका नव्या कणाचं वस्तुमान काढायचा प्रयत्न केला. 'नेचर'मध्ये त्यांचे निबंधही आले. युद्धाच्या काळात हव्या त्या दर्जाच्या काचा त्यांना मिळाल्या नाहीत आणि मोजणीत हवी तेवढी अचूकता येऊ शकली नाही. पुढे ब्रिटनच्या सेसिल पॉवेल यांनी सुधारित काचांवर हेच तंत्र वापरलं आणि १९५० चं नोबेल मिळवलं. बिभा चौधुरी पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या पहिल्या महिला संशोधक झाल्या. २०१९ मध्ये एका ताऱ्याला 'बिभा' हे नाव मिळालं, तेव्हा देशातल्या बहुतेकांनी त्यांचं नाव पहिल्यांदा ऐकलं. साधनं न मिळाल्यामुळे अडकलेलं काम कोणत्या आकड्यात बसवणार?

याची दुसरी बाजूही आहे. जेआंट-४ नावाची एक संगणक प्रणाली आहे. कण पदार्थातून जाताना काय-काय होईल याचं ती गणित मांडते. २००३ मध्ये शंभरावर लेखकांनी तिची माहिती देणारा निबंध लिहिला. आज कणत्वरकापासून कर्करोगाच्या उपचारापर्यंत जो-जो ती वापरतो, तो या निबंधाचा उल्लेख करतो, त्यामुळे उल्लेख हजारोंनी झाले आहेत. निसर्गाचा नवा नियम त्यात नाही, पण अवजार इतकं उत्तम आहे की साऱ्या जगाच्या हाती गेलं. म्हणजे उल्लेख सांगतात की या कामाचा वापर झाला. काम खोल होतं का, अवघड होतं का, पहिलं होतं का, ते उल्लेख सांगत नाहीत.

अणुभौतिकीत एक उलटी गंमतही घडते. एखाद्या केंद्रकावर न्यूट्रॉन आदळला तर काय होण्याची शक्यता किती, असं मोजमाप कुणी केलं की ते आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या 'एक्स्फोर' या कोठारात जातं. तिथून तज्ज्ञ सगळ्यांची मोजमापं पारखून एक तयार तक्ता काढतात. अणुभट्टीचा अभियंता त्या तक्त्याचा उल्लेख करतो, मूळ मोजणाऱ्याचा करत नाही. मोजमाप जितकं पक्कं, तितकं ते तक्त्यात मुरून जातं आणि मोजणाऱ्याचं नाव दिसेनासं होतं.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. या विषयात शंभर नोंदी मोजल्या तर विद्यार्थी 'शंभर, अधिक-उणे दहा' असं लिहितो. दहा हजार मोजल्या तर अधिक-उणे शंभर. ही शंका लिहिली नाही तर मी प्रॅक्टिकलची वही परत करतो. मात्र त्याच विषयातल्या माणसाचा एच-इंडेक्स १७ असेल, तर तो नुसता १७ म्हणून छापला जातो आणि १६ वाल्याला खाली बसवलं जातं.

"हे आकडे खोटेही बनवता येतात ना?"

येतात. फ्रान्समधल्या संगणकतज्ज्ञ सिरिल लाब्बे यांनी २०१० मध्ये आइक अंटकारे नावाचा एक काल्पनिक शास्त्रज्ञ उभा केला. संगणकानं जुळवलेले शंभर निरर्थक निबंध, एकमेकांचा उल्लेख करणारे. गूगल स्कॉलरनं त्याला ९४ चा एच-इंडेक्स दिला. व्यवस्था किती पोकळ आहे हे दाखवण्यासाठी त्यांनी हे मुद्दाम केलं होतं. पोटासाठी करणारे मात्र गाजावाजा न करता करतात: स्वतःचेच उल्लेख, आपसांत देवाणघेवाण, पैसे भरले की आठ दिवसांत छापणारी नियतकालिकं.

आपल्याकडे याला नियमांनीही हातभार लावला. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१० मध्ये बढतीसाठी गुणांची पद्धत आणली, निबंधाला गुण मिळू लागले आणि ग्रामीण महाविद्यालयातल्या, प्रयोगशाळा नसलेल्या प्राध्यापकालाही निबंध छापणं भाग पडलं. साधन द्यायचं नाही आणि निबंध मागायचा, यातून दुसरं काय निघणार होतं? पुढे चांगल्या नियतकालिकांची 'केअर' यादी झाली, तिचं काम पुण्याच्या विद्यापीठातून चालायचं. २०२५ मध्ये आयोगानं तीही बंद केली आणि निवड संस्थांवर सोपवली. २०२२ च्या नियमांत पीएचडीआधी निबंध छापण्याची सक्ती काढली, तो निर्णय मला योग्य वाटतो. घाईघाईत पैसे भरून छापलेला निबंध त्या विद्यार्थ्याच्या नावावर आयुष्यभर राहतो.

"पण आमच्या गावाला याचा काय उपयोग?"

हा प्रश्न गावात सगळ्यात आधी येतो आणि त्याचं उत्तर विदर्भाजवळ आहे. टीएयू-१ हे उडदाचं वाण जुन्या शेतकऱ्यांना आठवत असेल. त्यातला टी ट्रॉम्बेचा, ए अकोल्याचा आणि यू उडदाचा. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांनी मिळून ते १९८५ मध्ये दिलं. भुईमुगाचं टीएजी-२४ १९९१ मध्ये आलं, त्यातही ट्रॉम्बे आणि अकोला. सोयाबीनच्या टीएएमएस-३८ मध्ये अकोल्याच्या जागी अमरावती आहे. किरणोत्सारानं बियाण्यात बदल घडवायचे, हजारो रोपांतून कामाची रोपं निवडायची, संकर करायचा, वर्षानुवर्षं शेतात तपासायचं, अशी ती वाटचाल. हे काम कृषी शास्त्रज्ञांचं, पण त्यातली किरणं आणि त्यांची मात्रा यांचं ज्ञान अणुभौतिकीतून आलं. ज्यानं टीएयू-१ पेरला त्यानं कुठल्या निबंधाचा उल्लेख केला नाही. महाराष्ट्रातलं उडदाचं मोठं क्षेत्र त्या वाणाखाली गेलं, आणि एच-इंडेक्सला त्याचा पत्ताही नाही.

दवाखान्यातही हेच. कर्करोगाच्या रुग्णाला कोबाल्टचा शेक देतात, त्यासाठी भाभा केंद्रानं भाभाट्रॉन नावाचं देशी यंत्र बनवलं आहे. कोबाल्ट-६० चा जोर सव्वापाच वर्षांत निम्मा होतो, म्हणजे दर महिन्याला सुमारे एक टक्का उतरतो. म्हणून रुग्णाला यंत्राखाली किती वेळ ठेवायचं, हा हिशेब भौतिकतज्ज्ञ पुन्हा-पुन्हा करतात. ती सव्वापाच वर्षं कुणीतरी मोजली होती, दोन गॅमा किरणांच्या ऊर्जाही, ११७३ आणि १३३२ किलो इलेक्ट्रॉन व्होल्ट, कुणीतरी मोजल्या होत्या. दवाखान्यात रोज वापर होतो, उल्लेख एकही होत नाही.

मग पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी विचारायचं काय?

मार्गदर्शक शोधताना एच-इंडेक्स पाहू नका असं मी म्हणणार नाही. पाहा, पण त्याच उपविषयातल्या, तेवढ्याच वर्षांच्या माणसांशी ताडून. मग त्यांचे दोन-तीन निबंध काढा आणि त्यांनाच विचारा: यात मोजलं काय? त्यातलं तुम्ही स्वतः काय केलं? पुढे ते कुणी आणि कशासाठी वापरलं? ज्यानं काम केलं आहे त्याला या प्रश्नांचा राग येत नाही, उलट तो तासभर बोलत बसतो. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनाही फोन करा. पीएचडी किती वर्षांत झाली, त्वरकावर पाळी मिळाली का, निबंधात नाव कितवं लागलं, हे ते मोकळेपणानं सांगतात.

निबंध वाचायला मिळत नाहीत, ही ग्रामीण भागातली जुनी तक्रार आता थोडी कमी व्हायला हरकत नाही. केंद्राची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली आहे. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक आणि सुमारे तेरा हजार नियतकालिकं. सुरुवात सरकारी व्यवस्थापनाखालच्या संस्थांपासून झाली आहे. आपल्याकडची बरीच महाविद्यालयं खासगी शिक्षण संस्थांची आहेत, त्यामुळे तुमचं महाविद्यालय त्यात येतं का, हे आधी ग्रंथपालांना विचारा. येत नसेल तर अर्काइव्हवर अणुभौतिकीचे दोन विभाग आहेत, एक सिद्धांताचा आणि एक प्रयोगाचा. दोन्ही मोबाइलवर उघडतात आणि पैसे लागत नाहीत. मार्गदर्शकाचं नाव तिथे इंग्रजीत टाका आणि सगळ्यात अलीकडच्या निबंधाचं पहिलं आणि शेवटचं पान तेवढं वाचा.